आमचा मतदारसंघ आणि मी

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



आरती झाली, मोदकांचा वास इथपर्यंत येतोय, आणि अशा वेळी मी तुमच्यासमोर राजकारणावर बोलायला उभी आहे. कार्यकारिणीने विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "आमच्या मतदारसंघावर बोलते." पलीकडे जरा वेळ शांतता पसरली. मग विचारणा झाली, "कुठला? लालबागचा का?" म्हटलं, नाही हो, बर्लिनचा. तेहतीस वर्षं जिथे राहते तो. हे कुठल्याही पक्षाच्या प्रचाराचं भाषण नाही, हे आधीच सांगते. म्हणजे कुणाला निवांतपणे डुलकी काढायची असेल तर हरकत नाही.

सुरुवात एका टपालाने करते. २०२१ सालचा ऑगस्ट महिना. मी कामावरून आले आणि जिन्याखालची टपालपेटी उघडली. आत विजेचं बिल, पिझ्झावाल्याचं पत्रक आणि माझ्या मुलीच्या नावाचं मतदानाचं सूचनापत्र. त्याला इथे 'वाल्बेनाख्रिश्टिगुंग' म्हणतात, हे तुम्हाला माहीतच आहे. मुलगी २००२ ची, इथेच जन्मलेली, जन्मापासून जर्मन नागरिक. बुंडेस्टागसाठी तिचं हे पहिलंच मतदान. मी कौतुकाने पत्र टेबलावर ठेवलं. रात्री जेवताना तिने ते उचललं, उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "आई, तुझं कुठेय?"

म्हटलं, "माझं कसं येईल? माझा पासपोर्ट भारताचा."

ती त्या वेळी युनिव्हर्सिटीत राज्यशास्त्र शिकायला लागली होती. नवीन शिकलेलं दुसऱ्याला ऐकवायची हौस असतेच त्या वयात. ती म्हणाली, "आई, तुला मत नाही एवढंच नाहीये. मतदारसंघाच्या सीमा ठरवताना लोकसंख्या धरतात ना, त्यातही तू नाहीस. तुला मोजतच नाहीत."

मला ते खरं वाटलं नाही. मत नाही हे मान्य, पण मोजत नाहीत म्हणजे काय? मी कर भरते, भाडं भरते, पोरीच्या शाळेत पालकसभेला केक भाजून नेलेत मी! म्हणून शोधायला बसले. आणि ते शोधता शोधता आमच्या मतदारसंघाची सगळी गोष्टच हाताला लागली. ती आज तुम्हाला सांगते.

आमचा मतदारसंघ म्हणजे फ्रीडरिक्सहाइन, क्रॉइझबेर्ग आणि प्रेन्झलाउअर बेर्गचा पूर्वेकडचा तुकडा. नाव इतकं लांब की मतपत्रिकेवर मावायची पंचाईत. मधून श्प्रे नदी वाहते. नदीच्या एका काठाला क्रॉइझबेर्ग, दुसऱ्या काठाला फ्रीडरिक्सहाइन, आणि दोघांना जोडणारा दोन बुरुजांचा लाल विटांचा ओबरबाउम पूल. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहुण्यांना तिथे नेऊन फोटो काढले असतील. आमच्या जिल्ह्याच्या चिन्हावरही हाच पूल आहे. या जिल्ह्याचं क्षेत्रफळ फक्त वीस चौरस किलोमीटर आणि वस्ती तीन लाखांच्या जवळपास. बर्लिनच्या बारा जिल्ह्यांत सगळ्यात लहान आणि सगळ्यात दाट. मुंबईच्या माणसाला याचं काही वाटायचं नाही, पण जर्मनीत ही गर्दीच समजायची.

आता जरा मागे जाऊ. कैसरच्या काळात अख्ख्या बर्लिनला राइशटागमध्ये सहा जागा होत्या. त्यातली चौथी जागा म्हणजे लुइझनश्टाटचा पूर्व भाग, जो आज क्रॉइझबेर्गमध्ये येतो, आणि नदीपलीकडचा श्ट्रालाउचा भाग, जो आज फ्रीडरिक्सहाइनमध्ये येतो. म्हणजे दोन्ही काठ तेव्हाही एकाच मतदारसंघात होते! कामगारांची वस्ती. अंगणामागे अंगण, त्यामागे अजून एक अंगण, आणि शेवटच्या अंधाऱ्या खोलीत सहा-सात माणसं. इथून १८८४ साली पाउल झिंगर निवडून आले, सोशल डेमोक्रॅट, आणि १९११ साली त्यांचं निधन होईपर्यंत ही जागा त्यांचीच राहिली. १८८४ मध्ये तर बिस्मार्कचा समाजवाद्यांविरुद्धचा कायदा लागू होता. सभा घ्यायला बंदी, पक्षाचं वर्तमानपत्र काढायला बंदी. तरी लोकांनी निवडून दिलं.

पण गंमत पुढेच आहे. मत कुणाला होतं? पंचवीस वर्षांवरच्या पुरुषांना. बायकांना नाही. गरिबांसाठीची सरकारी मदत घेणाऱ्या पुरुषांनाही नाही. आणि मतदारसंघाच्या सीमा एकदा आखल्या त्या आखल्या. १८७१ मध्ये बर्लिनची वस्ती सव्वाआठ लाख होती, १९१० मध्ये वीस लाखांवर गेली. जागा किती? सहाच. खेड्यातल्या जमीनदाराच्या मतदारसंघातलं एक मत बर्लिनच्या कामगाराच्या कितीतरी मतांच्या तोडीचं झालं. सीमा बदलायच्या नाहीत, एवढं केलं की कुणाचं मत हिरावून न घेताही त्याची किंमत कमी करता येते. बायकांना मत मिळालं ते कैसर गेल्यावर, जानेवारी १९१९ च्या निवडणुकीत.

पुढचा हिटलरचा काळ तुम्हाला ठाऊक आहे, त्यात निवडणुकीला काही अर्थच उरला नव्हता. युद्धानंतर शहराची वाटणी झाली आणि आमच्या मतदारसंघाचे दोन काठ दोन जगांत गेले. फ्रीडरिक्सहाइन सोव्हिएत विभागात, क्रॉइझबेर्ग अमेरिकन विभागात. १३ ऑगस्ट १९६१ ला भिंत उभी राहिली. आमच्या भागात श्प्रे नदीचं सगळं पाणी, अगदी पश्चिमेच्या काठापर्यंतचं, पूर्व बर्लिनच्या हद्दीत होतं. क्रॉइझबेर्गच्या काठावर खेळणारी पाच मुलं वेगवेगळ्या वर्षी त्या नदीत पडून बुडाली. पश्चिमेचे अग्निशामक काठावर उभे राहिले, पण पाण्यात उतरू शकले नाहीत, कारण उतरणं म्हणजे सरहद्द ओलांडणं. शेवटी १९७५ च्या ऑक्टोबरमध्ये दोन्हीकडच्या सरकारांनी बचावकार्याचा करार केला. सीमारेषा म्हणजे नकाशावरची शाई नव्हे, हे मला त्या काठावरची माहिती वाचताना पहिल्यांदा कळलं.

आणि मतदानाचं काय? फ्रीडरिक्सहाइनच्या लोकांना मतपत्रिका मिळायची, पण तिच्यावर निवड नसायची. एकच यादी, ती घडी घालून पेटीत टाकायची. याच फ्रीडरिक्सहाइनमध्ये, श्टालिनआले म्हणजे आजच्या कार्ल-मार्क्स-आलेवर, जून १९५३ मध्ये बांधकाम कामगारांनी काम थांबवलं होतं आणि त्यातून देशभर उठाव झाला होता, हे लक्षात ठेवा. उलट क्रॉइझबेर्गच्या लोकांना शहराच्या विधानसभेसाठी मोकळी निवड होती, पण बुंडेस्टागची मतपत्रिकाच नव्हती. दोस्त राष्ट्रांच्या अटींमुळे पश्चिम बर्लिनचे बावीस प्रतिनिधी विधानसभेकडून नेमून जायचे आणि त्यांनाही पूर्ण मताधिकार नव्हता. म्हणजे एका काठाला मतपत्रिका होती पण निवड नव्हती, दुसऱ्या काठाला निवड होती पण दिल्लीची, चुकले, बॉनची मतपत्रिका नव्हती. दोन्ही काठांनी एकत्र, मोकळेपणाने संसदेसाठी मत दिलं ते २ डिसेंबर १९९० ला.

भिंत उभी राहिली त्याच वर्षी, ३० ऑक्टोबर १९६१ ला, जर्मनीने तुर्कस्तानशी कामगार आणण्याचा करार केला. पूर्वेकडून रोज कामाला येणारी माणसं एका रात्रीत बंद झाली होती, कारखान्यांना हात हवे होते. बर्लिनमध्ये त्यात बायका पुष्कळ आल्या, टेलिफुंकनसारख्या कारखान्यांत रेडिओचे भाग जोडायला. त्यांना स्वस्त खोल्या कुठे मिळणार? क्रॉइझबेर्गमध्ये. तीन बाजूंनी भिंत, घरं पडकी, पालिका ती पाडून नवीन बांधायच्या विचारात, म्हणून कुणी दुरुस्तीही करत नव्हतं. जर्मन कुटुंबं सोडून जात होती. तिथे तुर्की कुटुंबं आली, सैन्यभरती टाळायला पश्चिम जर्मनीतून तरुण आले, विद्यार्थी आले, रिकाम्या घरांचे ताबे घेणारे आले. १९७५ मध्ये सरकारने चक्क हुकूम काढला की क्रॉइझबेर्ग, वेडिंग आणि टियरगार्टन या तीन जिल्ह्यांत आता आणखी परदेशी माणसांनी राहायला जायचं नाही. पासपोर्टवर तसा शिक्का मारायचे.

हे वाचताना मला माझं लालबाग आठवत होतं. वडील गिरणीत होते. आमच्या भागाचं राजकारणही असंच वस्तीबरोबर फिरलं. लाल बावट्याचा गड. कॉम्रेड डांगे १९५७ मध्ये आणि पुन्हा १९६७ मध्ये मध्य मुंबईतून लोकसभेवर गेले. १९७० मध्ये आमदार कृष्णा देसाईंचा खून झाला, त्या जागेच्या पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक जिंकले, आणि शिवसेनेचा पहिला आमदार परळमधून विधानसभेत गेला. १९८२ चा संप झाला, आणि १९८४ मध्ये इंदिराजींच्या हत्येनंतरच्या लाटेतही दक्षिण-मध्य मुंबईने डॉक्टर दत्ता सामंतांना निवडून दिलं. मग गिरण्या बंद झाल्या, भोंगे थांबले, माणसं डोंबिवली-विरारला गेली आणि गिरण्यांच्या जागी टॉवर आले. मतदारसंघ दोन तऱ्हांनी बदलतो, मंडळी. एक, माणसं आपलं मत बदलतात. दोन, माणसंच बदलतात. दुसरी तऱ्हा हळू असते, आवाज करत नाही, पण पक्की असते.

मी १९९२ मध्ये लग्न होऊन इथे आले, कॉटबुसर टोअरपासून चालत दहा मिनिटांवरच्या घरात. ओबरबाउम पूल तेव्हा मोडकळीला आलेला. तो दुरुस्त होऊन ९ नोव्हेंबर १९९४ ला वाहनांना खुला झाला. आम्ही दोघं पाहायला गेलो होतो, थंडी मरणाची. त्याच वर्षीच्या निवडणुकीत फ्रीडरिक्सहाइन अजून लिश्टनबेर्गला जोडलेलं होतं. तिथून पूर्व जर्मनीच्या जुन्या सत्ताधारी पक्षाचा वारसा सांगणाऱ्या पीडीएसच्या क्रिस्टा लुफ्ट जिंकल्या. त्या पक्षाला देशभरात पाच टक्के मतंही मिळाली नव्हती. पण इथला एक नियम असा की तीन जागा थेट जिंकल्या तर पाच टक्क्यांची अट लागत नाही. पीडीएसने बर्लिनमध्ये चार जिंकल्या आणि तीस खासदार आत गेले. बघा, एका शहरातल्या चार मतदारसंघांनी केवढा फरक केला!

मग २००२ आलं. बुंडेस्टागचे मतदारसंघ ३२८ वरून २९९ केले गेले, बर्लिनचे तेरावरून बारा. सीमा नव्याने आखल्या आणि श्प्रेचे दोन्ही काठ पुन्हा एका मतदारसंघात आले. क्रमांक तेव्हा ८४. पूर्वेकडची पीडीएसची मतं पश्चिमेच्या मतांत मिसळली. त्या वर्षी पीडीएसला चार टक्के मतं आणि दोनच थेट जागा मिळाल्या, म्हणजे दोनच खासदार. तिसरी जागा मिळाली असती तर वीसहून जास्त खासदार आत आले असते, आणि श्रोडर-फिशर सरकारचं ते काठावरचं बहुमत टिकलंच नसतं. रेषा कुणी कुठल्या हेतूने आखली हा वाद मी इथे काढत नाही. रेषेने काय होतं, एवढंच सांगते.

आणि या नव्या मतदारसंघातून जिंकलं कोण? हान्स-क्रिस्टियान श्ट्रोबेले. पांढऱ्या भुवया, गळ्यात लाल मफलर, सायकलवर स्वारी. पेशाने वकील, 'टात्स' या वर्तमानपत्राच्या संस्थापकांपैकी एक. युद्धाला विरोध म्हणून स्वतःच्याच ग्रीन पक्षाशी भांडलेले. पक्षाने यादीत खात्रीची जागा दिली नाही, तेव्हा म्हणाले, ठीक आहे, थेट लढतो. ग्रीन पक्षाने तोपर्यंत देशात एकही जागा थेट जिंकलेली नव्हती. व्यंगचित्रकार झाइफ्रीडने काढलेली रंगीत, माणसांनी खच्चून भरलेली पोस्टरं भिंतीभिंतीवर लागली. घोषणेचा अर्थ असा, की श्ट्रोबेलेंना मत म्हणजे फिशरला ताप! म्हणजे स्वतःच्याच पक्षाच्या परराष्ट्रमंत्र्याला. २२ सप्टेंबर २००२ ला ते ३१.६ टक्के मतांनी जिंकले. पुढे २००५, २००९, २०१३, दर वेळी तेच. २००९ मध्ये तर जवळजवळ ४७ टक्के. २०२१ पर्यंत ग्रीन पक्षाची देशातली थेट जागा ही एवढी एकच होती. ऑगस्ट २०२२ मध्ये ते गेले. मी त्यांना बाजारात सायकल हातात धरून लोकांशी बोलताना कितीदा तरी पाहिलं. एकदाही मत दिलं नाही. देताच येत नव्हतं.

त्यांच्यानंतर २०१७ आणि २०२१ मध्ये जानान बायराम निवडून आल्या, त्याही ग्रीन आणि त्याही वकील. जन्म तुर्कस्तानातल्या मालात्याचा. ज्या भागात एके काळी परदेशी माणसांना राहायला येऊ नका असा शिक्का मारत होते, त्या भागाची ही खासदार! चाळीसएक वर्षांत हे झालं. आणि २३ फेब्रुवारी २०२५ ला पुन्हा पारडं फिरलं. डाव्या पक्षाचे, म्हणजे 'दी लिंके'चे पास्काल माइझर जिंकले. शेजारच्या नॉयकॉल्नमध्येही लिंके जिंकली. जुन्या पश्चिम जर्मनीच्या बाजूच्या मतदारसंघात त्या पक्षाचा तो पहिलाच विजय.

का फिरलं? पुष्कळ कारणं असतील, पण आमच्या जिन्यात विचाराल तर उत्तर एकच, घरभाडं. पडकी घरं दुरुस्त झाली, सुंदर झाली, आणि मग महाग झाली. नदीपलीकडे मोठमोठ्या कंपन्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. आपली पुण्या-नागपूरची किती मुलं झालांडोमध्ये आणि आजूबाजूच्या कंपन्यांत कामाला आहेत! त्यांना घर मिळत नाही, आणि जुन्या भाडेकरूंना वाटतं की यांच्यामुळेच भाडी वाढली. २०२० मध्ये बर्लिन सरकारने भाड्यावर कमाल मर्यादा घातली, एप्रिल २०२१ मध्ये घटना न्यायालयाने ती रद्द केली. त्याच वर्षी बड्या घरमालक कंपन्यांची घरं सार्वजनिक मालकीची करावीत यासाठी सार्वमत झालं, आणि बहुमत 'हो' म्हणालं. ती घरं अजून सार्वजनिक झालेली नाहीत, पण ती वेगळी गोष्ट.

त्या सार्वमतासाठी सह्या गोळा करत होते तेव्हाचा प्रसंग. बाजारात एक तरुण मुलगी पॅड घेऊन माझ्यासमोर आली, दोन मिनिटं तळमळीने बोलली. आमच्या इमारतीचा मालक नुकताच बदलला होता, त्यामुळे मला पटलंही. पेन घेतलं. ती म्हणाली, "जर्मन पासपोर्ट आहे ना?" म्हटलं, नाही. तिचा चेहरा पडला. "सॉरी," म्हणाली, आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या, दोन वर्षांपूर्वी म्युनिकहून आलेल्या मुलाकडे वळली. त्याने सही केली. तो शेजारीच राहतो, चांगला मुलगा आहे. पण मी तिथे एकोणतीस वर्षं राहत होते.

आता येते मुलीच्या वाक्यावर. ते खरं निघालं, मंडळी. बुंडेस्टागचे मतदारसंघ आखताना लोकसंख्या धरतात ती फक्त जर्मन नागरिकांची. परदेशी नागरिक त्यात धरायचे नाहीत, असं निवडणूक कायद्यातच लिहिलं आहे. अमेरिकेत काँग्रेसच्या जागा वाटताना राहणारा प्रत्येक माणूस मोजतात, नागरिक असो वा नसो. आपल्याकडे भारतातही जनगणनेतली एकूण लोकसंख्या धरतात. इथे नाही. आमच्या जिल्ह्यात दर दहांत साधारण तीन माणसं परदेशी नागरिक आहेत. म्हणजे आमच्या खासदाराच्या दारात येणारी माणसं, त्याच्या भागातली शाळेतली पोरं, भाड्याने पिचलेली कुटुंबं कागदावरच्या आकड्यापेक्षा पुष्कळ जास्त. युरोपियन युनियनच्या नागरिकांना निदान जिल्ह्याच्या निवडणुकीत मत आहे. आपल्याला तेही नाही. हॅम्बुर्ग आणि श्लेस्विग-होल्श्टाइनने परदेशी रहिवाशांना स्थानिक मत द्यायचं ठरवलं होतं, ते ३१ ऑक्टोबर १९९० ला घटना न्यायालयाने रद्द केलं. कारण एकच, मत नागरिकाचं.

याला दुसरी बाजू नाही असं नाही. देशाचं भवितव्य देशाशी बांधलेल्यांनीच ठरवावं, हे म्हणणं मला समजतं. उद्या नोकरी संपली की जाणारा माणूस आणि इथेच राहणारा माणूस यांच्यात फरक हवा, हेही खरं. पण मत नसलेल्या माणसांचं काय होतं याची एक आठवण इथल्या जुन्या लोकांना असेल. २००० साल. संगणकतज्ज्ञांसाठी ग्रीनकार्ड योजना आली आणि त्याच वेळी नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालनची निवडणूक होती. विरोधी पक्षाचे उमेदवार युर्गेन रुटगर्स म्हणाले की भारतीयांना संगणकापुढे बसवण्यापेक्षा आपल्या मुलांना बसवा. त्याची घोषणा झाली, 'किंडर श्टाट इंडर'. भारतीयांऐवजी मुलं! निवडणूक आपल्या नावावर लढली गेली, आणि आपल्यापैकी फारच थोड्यांच्या हातात मतपत्रिका होती. ते हरले त्या वेळी, हा भाग वेगळा. पण त्यांना हरवण्यात आपला हात जवळजवळ नव्हताच.

आज जर्मनीत भारतीय पासपोर्ट असलेली अडीच लाखांहून जास्त माणसं आहेत. एका मतदारसंघातल्या मतदारांहून जास्त! आणि मतदार म्हणून? शून्य.

मग भारतात मत द्यावं की, असं कुणी म्हणेल. २०१० मध्ये कायदा बदलला, परदेशातल्या भारतीय नागरिकाला आपल्या गावच्या मतदारयादीत नाव घालता येतं. पण मत द्यायला स्वतः केंद्रावर हजर राहायला हवं. लालबागच्या शाळेत मत द्यायला मी बर्लिनहून विमानाने जायचं. मी १९८९ मध्ये पहिलं मत दिलं, बावीस वर्षांची होते. वडील सोबत होते. केंद्रातून बाहेर आल्यावर त्यांनी आपलं शाईचं बोट माझ्या बोटाशेजारी धरलं आणि म्हणाले, "आता तू आणि मालक सारखेच. त्यालाही एकच." कुणाला दिलं ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. १९९१ मध्ये दुसरं दिलं. आणि मग एकदम काहीच नाही.

नागरिकत्व घ्यायला मला कुणी अडवलं नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगते. अडवत होते मीच. जर्मनीने २७ जून २०२४ पासून दुसरं नागरिकत्व ठेवायला मोकळीक दिली, पाच वर्षांच्या वास्तव्यावर अर्ज करता येतो. पण आपला भारत देत नाही. जर्मन झालं की भारतीय पासपोर्ट परत करायचा आणि ओसीआय कार्ड घ्यायचं. सोयी बऱ्याच मिळतात, मत मिळत नाही. म्हणजे एकच मत, ते इथे ठेवायचं की तिथे, हा प्रश्न. मी वर्षानुवर्षं ते तिथे ठेवलं आणि वापरलं मात्र कधीच नाही. कपाटात ठेवलेल्या पैठणीसारखं. विकायची नाही, नेसायचीही नाही.

सह्यांच्या त्या प्रसंगानंतर आणि मुलीच्या त्या वाक्यानंतर मी अर्ज केला. जवळजवळ तीन वर्षं लागली. कागद, पुन्हा कागद, पुन्हा तेच कागद. २०२४ च्या शरद ऋतूत प्रमाणपत्र हातात आलं. घरी सगळ्यांना आनंद. मग जुना पासपोर्ट परत करायला गेले, रद्द झाल्याचा शिक्का मारून तो हातात मिळाला. त्या दिवशी संध्याकाळी मी जेवले नाही. वडील असते तर काय म्हणाले असते, हेच डोक्यात होतं.

आणि तीन महिन्यांतच सरकार पडलं, निवडणूक लागली! टपालपेटीत या वेळी दोन सूचनापत्रं होती. २३ फेब्रुवारी, रविवार, कडाक्याची थंडी. आमच्या रस्त्यावरच्या प्राथमिक शाळेत केंद्र, जिथे मुलगी पहिलीत शिकली तेच. रांगेत समोर खालच्या मजल्यावरचे तुर्की आजोबा होते, ऐंशीच्या पुढचे. त्यांनी विचारलं, "पहिल्यांदा?" म्हटलं, हो. म्हणाले, "मी पण उशिराच घेतला पासपोर्ट. तेव्हापासून एकही चुकवलं नाही. आमच्या मुलांना वाटतं हे आपोआप मिळतं." आत गेले, लांबलचक कागद, दोन मतं, एक माणसाला, एक पक्षाला. दोन फुल्या मारल्या. चौतीस वर्षांनी. पेटीत कागद पडल्याचा आवाजही आला नाही.

बाहेर आल्यावर मी नकळत उजव्या हाताने डाव्या बोटावरचा हातमोजा काढला. मुलगी म्हणाली, "काय बघतेस?" म्हटलं, काही नाही. बोटावर शाई नव्हती. इथे लावत नाहीत.

मंडळी, तुम्ही सगळ्यांनी उठून जर्मन पासपोर्ट घ्या असं सांगायला मी आलेले नाही. ज्याला परत जायचं आहे त्याने आपलं मत तिकडेच ठेवावं, आणि जमलं तर निवडणुकीच्या वेळी रजा काढून जाऊन द्यावंसुद्धा. ज्याला इथेच राहायचं आहे पण मन होत नाही, त्याची अडचण मला कळते, मी बत्तीस वर्षं तीच अडचण होते. तोपर्यंत संसदेकडे अर्ज करायचा हक्क घटनेने प्रत्येकाला दिला आहे, तो नागरिकांपुरता नाही. भाडेकरूंच्या सभेला, पालकसभेला, खासदाराच्या कार्यालयात जाता येतं. पक्षांचं सभासदही होता येतं, बऱ्याच पक्षांत. पण एक करा. 'बघू पुढच्या वर्षी' असं म्हणत ठरवायचंच टाळू नका. मी तसं टाळलं, आणि त्यात एका माणसाचा इथल्या खासदारकीचा अख्खा काळ, २००२ पासून २०१७ पर्यंतचा, माझ्या दारावरून सायकलवर निघून गेला.

इथली माझी मोजणी परवा झाली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. पुढच्या वेळी सीमा आखतील तेव्हा त्या आकड्यात एक मी असेन.

चला, मोदक थंड व्हायला लागले. गणपती बाप्पा मोरया!